पाठीवरचे तीन पत्ते

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये काढली.
लोकांचे पासपोर्ट माझ्या हाताखालून गेले,
कोरे, नाव नसलेले.
सुटी झाली की गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे
आणि सायकल काढून जेलरोडला घरी.
माझा स्वतःचा पासपोर्ट नाही. लागलाच नाही कधी.

त्यामुळे हर्षलाचं कार्ड हातात आलं
तेव्हा आधी अंगठा फिरवला, मग वाचलं.
छपाई चांगली. कडा स्वच्छ.
तिरकं धरलं की एक रंग हलतो.
"झायर्यू," ती म्हणाली. "दोन अक्षरं आहेत.
एकाचा अर्थ असणं, दुसऱ्याचा थांबणं."
आपल्याकडे दोन्हीला मिळून एक शब्द पुरतो, मी म्हटलं:
राहणं.

मागच्या बाजूला तीन पत्ते.
घर बदललं की चौदा दिवसांत
तिथल्या पालिकेत जाऊन नवा उमटवून घ्यायचा,
नाहीतर तुम्ही राहता, पण राहत नाही.
इथे रेशनकार्डावर तिचं नाव सहा वर्षं तसंच;
शोभाने कमी करू दिलं नाही.
दुकानदार विचारायचा, पोरगी कुठाय?
"आहे," शोभा सांगायची,
आणि पिशवीचं तोंड धरून उभी राहायची.

शोभा पडली त्या रात्रीच हर्षला हमामात्सूहून निघाली.
विमानतळावर एक कागद, त्यात एक चौकोन:
परत येणार आहे.
तिने टिक केली.
घाईत राहून गेली असती
तर तिथल्या तिथे कार्डाला भोक पाडून हातात दिलं असतं.
विसरली नाही. माझी पोरगी आहे.

त्या टिकचं आयुष्य एक वर्ष.
वाढवून मिळत नाही.

वर्ष कुठे गेलं ते मला विचारा.
रोज अकराला फिजिओथेरपी, बिटको चौकातून रिक्षा,
उजवा हात खांद्यापर्यंत,
मग दोन महिने तिथेच अडलेला,
मग कानापर्यंत.
फेब्रुवारीत द्राक्षं आली, एकेक सोलून भरवली.
कंपनीने आधी बिनपगारी रजा दिली, नंतर नमस्कार.
कॅलेंडरवर त्या तारखेला गोल मीच केला होता.
रोज बघायचो.
आणि तिला एकदाही म्हणालो नाही, जा.

मंगळवार होता. पाणी उशिरा आलं.
तिथली मध्यरात्र इथल्या साडेआठला होते.
साडेआठला कुकरची तिसरी शिट्टी झाली,
हर्षलाने गॅस बंद केला,
वाफ जाईपर्यंत ओट्याशी उभी राहिली.

कार्डावर अजून दोन वर्षं पुढची तारीख आहे.
प्लास्टिक खरं, शाई खरी, तारीख खरी
आणि कार्ड मेलेलं.
एकतीस वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं.
आमच्याकडे रद्द पत्रकं रद्द दिसायची,
आणि चांगल्याइतकीच मोजून द्यावी लागायची;
एक कमी भरलं तर अख्खी शिफ्ट अडकायची.

"भोक कुठंय याला?"
"नाही पडत. टपालाने परत पाठवायचं. चौदा दिवसांत."
"घर बदलल्यावर पण चौदाच ना?"
ती हसली. "हो. चौदाच."

पाकिटात जाण्याआधी शोभाने मागितलं.
डाव्या हाताने घेतलं, उजव्यात दिलं,
फोटो जवळ धरला.
"केस किती बारीक कापले होते गं," म्हणाली,
बाकी काही नाही.

पोस्टातल्या बाईने विचारलं, आत काय?
हर्षला जरा थांबली.
"कागदपत्र."

तिकिटं मी चिकटवली. आमच्याच प्रेसची.
सात, एका ओळीत.
शेवटचं थोडं तिरकं गेलं.